न सांगितलेले नियम विचारून घ्यावेत

वाचक विद्यार्थिनीचे पत्र : “मी हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातून पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आले आहे. घरची तीन एकर शेती आहे, त्यात हळद असते. घरातून शिकण्यासाठी बाहेरगावी आलेली मी पहिलीच. दहावीपर्यंत मराठी माध्यम होते, बारावीला ८१ टक्के मिळाले. पण इथे पहिल्या अंतर्गत चाचणीत गणितात २० पैकी ५ गुण पडले. वर्गात समजल्यासारखे वाटते आणि खोलीवर आल्यावर काहीच आठवत नाही. रोज चार-चार तास वाचते. शहरातल्या मुली सरांशी सहज बोलतात, माझे तोंडच उघडत नाही. रविवारी संध्याकाळी रडू येते. घरी फोनवर ‘सगळे छान चालले आहे’ असे सांगते, कारण खरे कळले तर वडील परत बोलावून घेतील. दिवाळीला घरी गेल्यावर पुन्हा येऊच नये असे वाटू लागले आहे. माझी कुवतच नाही का?” (नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती)

प्रिय विद्यार्थिनी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे तू शांत मनाने वाचशील. तुझ्या कुवतीत काही उणे आहे असे या पाच गुणांवरून मुळीच ठरत नाही. सत्र सुरू होऊन जेमतेम सहा-सात आठवडे झालेले असताना, ज्या धाटणीचे प्रश्न तू पहिल्यांदाच पाहत होतीस त्यांची उत्तरे तासाभरात किती लिहिता आली, एवढेच ते पाच गुण सांगतात. मी तीस वर्षे महाविद्यालयात प्रथम वर्षाला गणित शिकवले आणि बारावीला ऐंशीच्या पुढे गुण मिळवलेली पाच-सहा तरी मुले-मुली दरवर्षी पहिल्या चाचणीनंतर अशीच खाली मान घालून बसलेली पाहिली. त्यांतील बहुतेक जण दुसऱ्या सत्रापर्यंत सावरले. जे सावरले नाहीत, ते बुद्धीने कमी होते असे मला कधीच दिसले नाही. फरक वेगळ्याच ठिकाणी होता आणि तोच मला तुला सांगायचा आहे.

बारावीपर्यंत तुला सगळे सांगितले जात होते. कोणत्या प्रकरणाला किती गुण, कोणती प्रमेये ‘आयएमपी’, कोणत्या प्रकारचे गणित हमखास येते, वही कधी तपासायला द्यायची, हे सारे शाळेतले शिक्षक, क्लासचे सर आणि गाइडे मिळून तुझ्या हातात आणून ठेवत होती. अशा व्यवस्थेत चांगली विद्यार्थिनी म्हणजे सांगितलेले निमूटपणे आणि नेटाने करणारी. वारंवार प्रश्न विचारणारी मुलगी एक तर लक्ष न देणारी ठरते, नाही तर आगाऊ. महाविद्यालयात पाऊल टाकताच ती व्यवस्था संपते, आणि ती संपली आहे हेदेखील कोणी सांगत नाही. इथेही नियम आहेत, रीती आहेत, सवलती आहेत, पण त्या विचारणाऱ्यालाच कळतात. ज्यांच्या घरात आधी कोणी पदवीधर झालेले असते त्यांना त्या जेवताना, गप्पांत, मोठ्या भावंडांकडून आपोआप कळलेल्या असतात. त्या शहरी मुली सरांशी सहज बोलतात याचे कारण त्या अधिक हुशार आहेत हे नव्हे, तर शिक्षकांशी असे बोलले तर चालते हे त्यांनी घरात पाहिलेले आहे. तुझ्या घरी ते सांगणारे कोणी नव्हते, म्हणून तुला ते विचारून घ्यावे लागेल. विचारणे म्हणजे कोणाचे उपकार घेणे नाही. व्याख्याने ऐकणे आणि वह्या पुऱ्या करणे जसा अभ्यास आहे, तसाच तोही अभ्यास आहे.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वर्गात नांदेडकडचा एक मुलगा होता. तो शेवटच्या बाकावर बसे, एकही तास चुकवत नसे, आणि त्याचे अक्षर मोत्यासारखे होते. पहिल्या चाचणीत त्याला २० पैकी ४ गुण मिळाले. मी पेपर त्याच्या हातात दिला आणि पुढचे नाव पुकारले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आलाच नाही. वर्ष संपताना विभागातले कपाट आवरत असताना त्याने तपासण्यासाठी दिलेली गृहपाठाची वही हाती लागली. तिच्या समासांत पेन्सिलीने बारीक अक्षरांत प्रश्न लिहिलेले होते : ‘इथे हे पद का सोडले?’, ‘ही ओळ आधीच्या ओळीवरून कशी आली?’, ‘शून्य घेतले नाही तर काय होईल?’ त्यांतले बहुतेक प्रश्न उत्तम होते, आणि दोन-तीन तर असे होते की ते वर्गात विचारले गेले असते तर माझाच तास सुधारला असता. ती वही मी वेळेवर उघडली नाही, हा दोष माझा होता आणि तो मी आजही विसरलेलो नाही. त्यानंतर पहिल्या चाचणीचे पेपर देताना मी प्रत्येकाला पाच-पाच मिनिटे समोर बसवून घेऊ लागलो. परंतु शे-सव्वाशे मुलांच्या वर्गात तुझ्या शिक्षकांना ते जमेलच असे नाही. म्हणून सुरुवात तुला करावी लागेल, आणि समासातला प्रश्न समासात ठेवून चालणार नाही.

सुरुवात त्या पेपरपासूनच कर. आज रात्री तो पुढ्यात घे. लाज वाटेल, तरीही घे. जिथे जिथे गुण गेले आहेत तिथे चारपैकी एक कारण पेन्सिलीने लिही : प्रश्नच कळला नाही, व्याख्या किंवा सूत्र आठवले नाही, पद्धत माहीत होती पण मधली पायरी चुकली, की वेळ पुरला नाही. ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि चारींची औषधे वेगळी आहेत. ‘मला गणित येत नाही’ या एका वाक्यात ती चारही झाकली जातात. माझ्या अंदाजाने तुझ्या पेपरवर पहिली दोन कारणे जास्त वेळा येतील, कारण तुझ्या पत्रातली वाचनाची तऱ्हा तेच सांगते. त्याकडे पुढे येतो.

मग तो पेपर घेऊन सोमवारी सरांकडे जा. दारात उभे राहून “सर, येऊ का? पाच मिनिटे हवी होती,” एवढेच म्हण. ते घाईत असतील तर “मग कधी येऊ?” असे विचार आणि त्या वेळेला नक्की जा. आत गेल्यावर “सर, मला काहीच कळत नाही,” असे म्हणू नकोस. ते तुला खरे वाटत असले तरी त्या वाक्याला कोणत्याही शिक्षकापाशी उत्तर नसते. तो फार तर “नीट अभ्यास कर” म्हणेल. त्याऐवजी बोट ठेवून दाखव : “सर, तिसऱ्या प्रश्नात मी इथपर्यंत आले, पुढची ओळ कशी सुचायला हवी होती ते समजत नाही.” या वाक्याला नेमके उत्तर आहे, आणि ते देताना शिक्षकालाही बरे वाटते, हे मी त्या खुर्चीत तीस वर्षे बसून सांगतो. मराठीतच बोल. सरांना मराठी येत नसेल तर हिंदीत बोल, तुटक्या इंग्रजीत बोल; भाषेचे गुण तिथे कोणी देत नाही. एखादे वेळी ते त्रासून बोलले तर तो त्यांचा वाईट दिवस समजावा आणि चार दिवसांनी पुन्हा जावे.

आणखी एक दार आहे, ज्याची कल्पना पहिल्या वर्षाच्या पुष्कळ मुलांना नसते. ‘नॅक’च्या, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, मूल्यांकनात महाविद्यालयात किती विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक शिक्षक नेमला आहे हे पाहिले जात आले आहे, त्यामुळे तुझ्या नावापुढेही कोणातरी शिक्षकाचे नाव ‘मेंटॉर’ म्हणून लिहिलेले असण्याची दाट शक्यता आहे. तुला ते माहीत नसेल तर विभागाच्या कार्यालयात जाऊन “माझे मेंटॉर कोण आहेत?” असे विचार. ती यादी कागदावरच राहू नये असे तुला वाटत असेल, तर तिला जाग आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग हाच आहे.

आता तुझ्या चार तासांविषयी. सध्याच्या क्रेडिट म्हणजे श्रेयांक पद्धतीत एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याने एकूण ३० तास अभ्यास करावा असे धरलेले आहे, आणि थिअरीच्या विषयात त्यांपैकी १५ तास वर्गात होतात. म्हणजे वर्गातल्या प्रत्येक तासामागे स्वतःचा एक तास. ‘तासाला तास’ असे मी मुलांना सांगत असे. सत्राला २२ क्रेडिट धरले तर एकूण ६६० तास होतात, आणि पंधरा आठवड्यांत ते विभागले तर आठवड्याला ४४ तास पडतात. त्यातून व्याख्याने आणि प्रात्यक्षिके मिळून पंचवीस-तीस तास वजा केले की स्वतःच्या अभ्यासासाठी पंधरा-वीस तास उरतात. तू रोज चार तास बसतेस, म्हणजे आठवड्याला अठ्ठावीस. तेव्हा तुझे कष्ट कमी पडत नाहीत, उलट ते गरजेपेक्षा जास्त आहेत. रात्री एक वाजेपर्यंत जागून हा आकडा आणखी वाढवण्याचा विचार करत असशील तर कृपा करून करू नकोस. बदलायचे आहे ते त्या तासांत तू काय करतेस हे.

‘वाचते’ असे तू लिहिले आहेस. वाचल्याने ओळख होते, आठवण होत नाही. गल्लीतल्या माणसाचा चेहरा आपण रोज पाहतो, पण डोळे मिटून तो कागदावर काढायला सांगितला तर हात थबकतो. तुझे परीक्षेत नेमके असेच झाले. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याविषयी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो वाचून झाल्यावर बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघून गेले होते. वर्गात कळल्यासारखे वाटते आणि खोलीवर आठवत नाही, या तुझ्या तक्रारीचे मूळ इथे आहे.

म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी, पुस्तक न उघडता, एक कोरा कागद घे आणि आजच्या तासात काय झाले ते लिही : कोणती व्याख्या आली, कोणते प्रमेय आले, त्याच्या अटी कोणत्या, सरांनी फळ्यावर कोणते उदाहरण सोडवले. याला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये. मग वही उघड आणि जे राहिले ते लाल शाईने भर. पहिले आठ-दहा दिवस कागद निम्मा कोरा राहील आणि उरलेला लालच दिसेल. घाबरू नकोस, तो लाल भाग म्हणजे उद्या काय विचारायचे याची तयार यादी आहे. तीन-चार दिवसांनी तोच धडा पुन्हा कोऱ्या कागदावर लिही. ही रीत कंटाळवाणी आहे आणि सुरुवातीला अपमानास्पदही वाटते. पुन्हा पुन्हा वाचताना मिळणारा ‘मला येते’ हा दिलासा तिच्यात नाही. तरीही परीक्षेच्या खोलीत जे करायचे असते त्याचा सराव याच रीतीने होतो.

गणितासाठी एवढ्यावर भागत नाही, म्हणून एक उदाहरण जवळून दाखवतो. ‘रोल्स थिअरम’ तू बारावीत केला आहेस. तिथे ‘व्हेरिफाय’ असा प्रश्न यायचा. तीन अटी तपासायच्या, डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवायचा, उत्तर काढायचे, गुण मिळायचे. फंक्शन दिलेल्या अंतरात कंटिन्युअस असावे, आतल्या प्रत्येक बिंदूपाशी डिफरन्शिएबल असावे आणि दोन्ही टोकांना त्याची किंमत सारखी असावी, या त्या तीन अटी. त्या पुऱ्या झाल्या की आत कुठेतरी डेरिव्हेटिव्ह शून्य होतोच, असे प्रमेय सांगते. पदवीच्या वर्गात प्रश्न बदलतो : यांतली एक अट काढून टाकली तर काय बिघडते? तेव्हा उणे एक ते एक या अंतरात मॉड एक्स, म्हणजे एक्सची चिन्ह सोडून किंमत, घेऊन बघ. दोन्ही टोकांना किंमत १ आहे, आलेख कुठेही तुटत नाही, म्हणजे दोन अटी पुऱ्या झाल्या. तरीही डेरिव्हेटिव्ह कुठेच शून्य होत नाही. डावीकडे तो सर्वत्र उणे एक आहे आणि उजवीकडे सर्वत्र एक, कारण मध्ये शून्यापाशी आलेखाला टोक आले आहे आणि तिथे तो डिफरन्शिएबल नाही. एवढे एक चित्र स्वतःच्या हाताने वहीत काढलेस की ती अट पाठ करावी लागत नाही, ती तिथे का आहे ते दिसते. पुढे जे प्रमेय येईल त्याच्याशी हाच खेळ कर : एकेक अट उचलून बाजूला ठेव आणि काय कोसळते ते पाहा. न सापडले तर तो प्रश्न घेऊन सरांकडे जा. असा प्रश्न घेऊन आलेली पहिल्या वर्षाची मुलगी शिक्षक सहसा विसरत नाही.

इंग्रजीविषयी माझे मत जरा वेगळे आहे. ‘मराठी माध्यमातून आल्यामुळे शास्त्रीय शब्द अडतात,’ असे सगळेच म्हणतात. मला तसे दिसले नाही. त्वरण म्हणजे ‘ॲक्सिलरेशन’ आणि संवेग म्हणजे ‘मोमेंटम’ हे महिनाभरात अंगवळणी पडते, कारण ते शब्द रोज फळ्यावर असतात. अडतात ते लहान शब्द, ज्यांच्याकडे कोणी लक्ष वेधत नाही : ‘हेन्स’, ‘व्हेअरॲज’, ‘अनलेस’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘ॲट मोस्ट’. एका विद्यार्थिनीने मला अशाच प्रश्नाचे उत्तर चुकीचे लिहून दिले होते. तिला विचारले तेव्हा कळले की ‘प्रोव्हायडेड’ या शब्दाचा अर्थ तिने ‘दिलेले आहे’ असा घेतला होता. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘मात्र अट अशी की’ असा होतो. जी अट तिने तपासायला हवी होती, ती तिने मिळाली असे गृहीत धरले, आणि अख्खे उत्तर उलटे झाले. तिचे गणित पक्के होते. चूक त्या एका शब्दात होती. प्रश्नांतली क्रियापदेही अशीच फसवतात. ‘स्टेट’ म्हटले तर फक्त विधान लिहायचे, ‘प्रूव्ह’ म्हटले तर सिद्धता द्यायची, ‘डिड्यूस’ म्हटले तर नुकतेच जे सिद्ध केले त्यावरूनच पुढचे काढायचे, नव्याने सुरुवात करायची नाही. एक लहान डायरी कर, त्यात असे शब्द ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासकट उतरव आणि शेजारी मराठीत अर्थ लिही. माझ्या अनुभवाने ही यादी शे-दीडशे शब्दांपलीकडे फारशी जात नाही. आणि कोणताही मुद्दा आधी खोलीतल्या मैत्रिणीला मराठीतून समजावून सांग. मराठीत सांगता आला नाही तर अडचण इंग्रजीची नव्हती हे तुझे तुलाच कळेल.

काही गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या विचारल्यावर एका मिनिटात कळतात, पण न विचारल्यास त्यांची मोठी किंमत मोजावी लागते. ग्रंथालयात ‘बुक बँक’ आहे का ते विचार. असेल तर गरजू विद्यार्थ्यांना सत्रभरासाठी पुस्तकांचा संच मिळतो. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत आणि लागणारे दाखले यांची चौकशी कार्यालयात आजच कर, कारण उत्पन्नाचा दाखला गावाकडून आणायचा असेल तर दिवाळीची सुट्टी हीच त्याची वेळ आहे. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर तुझ्या महाविद्यालयात काय होते, अंतर्गत गुण कशाकशाचे धरतात, एखादा विषय राहिला तर ए.टी.के.टी.चा नियम काय, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार आणि मग सूचनाफलकावर किंवा कार्यालयात पडताळून घे. ऐकीव माहितीवर विसंबू नकोस. पैशांची ओढाताण होत असेल तर ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी कर. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी महाराष्ट्रात रुजवलेला हा विचार आहे, आणि त्यात कमीपणा नाही. पहिल्या सत्रात मात्र अभ्यास मार्गी लागेपर्यंत मी ते काम टाळले असते.

आता रविवार. तुझ्या पत्रातली ही ओळ मला फार जवळची वाटली, कारण पुण्यात एकट्या राहणाऱ्या अनेक मुलामुलींकडून मी ती ऐकली आहे. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात. जवळच्या जिल्ह्यांतल्या मुली शनिवारीच घरी गेलेल्या असतात, खोलीतल्या दोन कॉट रिकाम्या असतात, आणि त्या वेळी तुझ्या गावाकडे अंगणात सगळे जमले असतील हे डोळ्यांसमोर येते. हे रडू दुबळेपणाचे नाही. परंतु आठवड्यातली ती नेमकी वेळ कोणती हे तुला ठाऊक आहे, म्हणून ती मोकळी सोडू नकोस. तुझ्यासारखीच लांबून आलेली एखादी मुलगी त्याच मजल्यावर नक्की असेल, “रविवारी संध्याकाळी जेवायला बरोबर जाऊ या का?” असे तिला शनिवारीच विचार. पुन्हा विचारण्याकडेच आलो, पण तिलाही कोणीतरी विचारायला हवे असते.

अभ्यासाबाहेरची एकच गोष्ट निवड, दोन नकोत. मला विचारशील तर मी राष्ट्रीय सेवा योजनेचे नाव घेईन. तिच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात एखाद्या खेडेगावात राहून काम करावे लागते. तिथे चुलीवर शंभर जणांचे पिठले शिजवायचे असते, बांध घालायचा असतो, गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचे असते. या कामांत वसमतच्या शेतातून आलेल्या मुलीला कोणाकडून शिकावे लागत नाही, उलट इतर मुली तिला विचारतात. वर्गात ज्यांच्याशी बोलायला तू बिचकतेस त्याच मुली तिथे तुझ्या शेजारी भाकरी थापायला बसलेल्या असतील.

घरच्यांशी खोटे बोलण्याचे ओझे तू एकटी वाहत आहेस आणि ते गणितापेक्षा जड आहे. तुझ्या वडिलांना मी ओळखत नाही, म्हणून ‘सगळे सांगून टाक’ असा सरसकट सल्ला मी देणार नाही. शिक्षण थांबण्याची भीती तू लिहिली आहेस आणि ती मी गंभीरपणे घेतो. तरीही क्रम असा ठेवून पाहा. आधी सरांना भेट, आठ-दहा दिवस नवी रीत चालव, आणि मग सांग. “बाबा, पहिल्या चाचणीत गणितात कमी गुण पडले. इथली पद्धत वेगळी आहे, ती आता कळली. सरांना भेटले, रोज काय करायचे ते ठरवले आहे. पुढची चाचणी झाली की मीच सांगते.” संकट आणि त्यावरचा उपाय एकत्र सांगितला की ऐकणाऱ्याला घाईने निर्णय घ्यावासा वाटत नाही. हळद पिकवणाऱ्या माणसाला, लावणीनंतर दोन महिन्यांनी कोणी कंद उपटून वजन करत नाही, हे समजावून सांगावे लागत नाही. त्यांना थेट सांगण्याचा धीर होत नसेल तर आधी आईला सांग, किंवा ज्या शिक्षकांचा शब्द तुझे वडील मानतात अशा गावच्या शाळेतल्या सरांना किंवा बाईंना फोन कर. तुला पुण्याला पाठवा असे त्यांच्यापैकीच कोणीतरी सांगितले असेल ना?

हे सदर वाचणाऱ्या पालकांनाही एक विनंती करतो. फोनवर ‘किती पडले?’ आणि ‘जेवलीस का?’ या दोन प्रश्नांच्या मधला एक प्रश्न असतो : ‘आज कोणाशी बोललीस?’ तो अधूनमधून विचारावा. त्याच्या उत्तरावरून पुष्कळ काही कळते.

आणि हे सगळे करूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल आणि असे दोन आठवडे चालले असेल, तर ते अभ्यासाच्या युक्त्यांनी बरे होणारे दुखणे नाही. महाविद्यालयात समुपदेशक असतील तर त्यांना भेट. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. जीव द्यावा असे विचार मनात येत असतील तर त्या क्षणी एकटी राहू नकोस, शेजारच्या खोलीतल्या कोणालाही उठव आणि त्याच वेळी हा फोन लाव.

दिवाळीला घरी जरूर जा. आईच्या हातचे खा, झोप काढ, पहिले तीन दिवस पुस्तकाला हात लावू नकोस. जाताना पिशवीत फक्त गणिताची वही, ती लहान डायरी आणि कोऱ्या कागदांची एक गड्डी ठेव. चार विषयांची पुस्तके ओढून नेलीस तर एकही उघडणार नाहीस आणि परत येताना उगाच अपराधी वाटेल. एक गोष्ट मात्र निघण्याआधी पुण्यातच करून टाक. भाऊबिजेनंतरच्या दुसऱ्या दिवसाचे परतीचे एसटीचे आरक्षण आधीच कर. महिलांना भाड्यात निम्मी सवलत आहे, त्यामुळे खर्चही फार नाही. तिकीट आईच्या हातात दे आणि जपून ठेवायला सांग.